ढोपरं घराण्याची की लावणीची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

12 ऑक्टोबरला जागतिक संधिवात दिन असतो म्हणून तुमच्या पुरवणीत लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की सांधेदुखी बऱ्याचदा आनुवंशिक असते. वाक्य चुकीचं नाहीये, पण मी ते घरात मोठ्याने वाचलं आणि आई लगेच म्हणाली, "बघ, माझ्या आवशीची ढोपरां पण अशीच होती, ह्यां आमच्या घराण्यातच आसा." झालं. तेलाची बाटली बाहेर आली आणि डॉक्टरकडे जायचं परत राहिलं. म्हणून हे पत्र.

आजीचे गुडघे गेले आणि आईचे पण गेले हे खरंच आहे, पण दोघींनी जन्मभर केलं काय तेही बघा ना. पाऊस सुरू झाला की तरवा (भाताची रोपं) काढायला उकिडवं बसायचं, मग गुडघाभर चिखलात वाकून लावणी, दसऱ्याच्या आसपास परत वाकून कापणी, मधल्या दिवसांत काजू फोडायला तासन्‌तास खाली बसायचं, घरी आल्यावर विळी आहेच, आणि नळ यायच्या आधी तर घाटी चढून डोक्यावर हंडे. आईला आजीकडून रक्त मिळालं तसं कामही मिळालं, मग कशामुळे काय झालं हे वेगळं कसं करणार? गंमत म्हणजे आईच्या सासूचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईचे गुडघे पण शेवटी असेच वाकडे झाले होते. सासू-सुनेचं रक्ताचं नातं काही नाही, कुणगे (भाताची शेतं) मात्र तेच.

आणि मावशी, आईची सख्खी बहीण, लग्न होऊन डोंबिवलीला गेली, साठी उलटली तरी तीन जिने रोज चढते. पण दोघी बहिणींचे हात शेजारी ठेवून बघा, बोटांच्या टोकाच्या पेरांवर सारख्याच कडक गाठी. ह्या गाठींना हेबर्डनच्या गाठी म्हणतात आणि त्या घराण्यात चालत येतात हे अमेरिकेतल्या स्टेचर नावाच्या डॉक्टरांनी 1941 मध्येच दाखवलंय. म्हणजे एकाच बाईच्या अंगात बोटं आईवर गेलेली आणि गुडघे बऱ्यापैकी कामावर गेलेले असू शकतात!

एका घरावरून काही सिद्ध होत नाही ते मला कळतं. लंडनला 1996 मध्ये जुळ्या बहिणींवर अभ्यास झाला, त्यात हाताच्या आणि गुडघ्याच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा 39 ते 65 टक्के निघाला. आकडा मोठा आहे, पण त्याचा अर्थ माझ्या दुखण्यातलं निम्मं दुखणं आजीचं असा होत नाही, त्या बायकांमध्ये एकमेकींत जो फरक दिसला त्यातला एवढा भाग जीन्समुळे, इतकंच. आणि त्या लंडनच्या बायका काय तरवा काढत नव्हत्या. उलट बीजिंगमधल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की तरुणपणी रोज किती वेळ उकिडवं बसायचात, तर जे जास्त वेळ बसायचे त्यांच्यात गुडघ्याची झीज जास्त सापडली. हे वाचून मला आमची शेतं आठवली. वजनाचंही तसंच आहे, 1 किलो कमी केलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो. हे घराणं बघून ठरत नाही.

आता ह्याच्या अगदी उलटी चूक. माझा पुतण्या चिरेखाणीवर गाडी भरायला जायचा, एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा, बाविसाव्या वर्षी कंबर धरली. सगळ्यांनी ठरवलं कामामुळे, तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी पण ठरवलं कामामुळे, पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आराम कर म्हणाले. आराम केला की जास्तच दुखायचं आणि पोरगा पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या मारायचा, आम्ही म्हणायचो नाटकं करतो (ह्याची आता लाज वाटते). जवळजवळ चार वर्षं अशी गेली. शेवटी गोव्याला दाखवलं, तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला की सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं, आणि हललं की बरं वाटतं का पडून राहिलं की? निघालं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचे सांधे सुजून आखडत जाणारा संधिवात. ह्याचा एचएलए-बी27 ह्या जीनशी संबंध आहे हे 1973 पासून माहीत आहे. पण तो जीन ज्यांच्यात असतो त्या शंभरातल्या पाचेक जणांनाच हा आजार होतो, बाकीचे मजेत फिरतात, म्हणजे इथेही एकट्या जीनवर सगळं नाही. आमवाताचं (रुमेटॉइड आर्थरायटिस, सांधे सुजवणारा दुसरा एक संधिवात) पण असंच, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण 15 टक्केच, आणि सिगरेटमुळे धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे.

आपल्याच सह्याद्रीत, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यातलं हांडिगोडू गाव आहे. 1970 च्या दशकात तिथे माणसांचे खुबे आणि गुडघे जायला लागले, काही जण तर बुटकेच राहिले. आधी संशय गेला भातावरच्या कीटकनाशकांवर आणि शेतातले खेकडे खाण्यावर. आपण पण पहिल्या पावसात कुर्ल्या धरायला धावतो, त्यामुळे हे वाचताना पोटात गोळा आला. पुढच्या अभ्यासात मात्र तो आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला निघाला. मोठमोठ्या तज्ज्ञांचं असं होतं, तर आम्ही घरी बसून "घराण्यातलं" नाहीतर "कामाचं" असा शिक्का कशाला मारायचा?

माझं मागणं साधं आहे. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, गाव असतं, तिथे काम काय करता आणि घरात कुणाला असा त्रास आहे का, हे दोन्ही लिहायची जागा ठेवा. दोन्ही, एक नको. आणि तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी हे पण छापा की चाळिशीच्या आत तीन महिन्यांहून जास्त कंबर दुखत असेल, सकाळी अर्धा तास तरी आखडत असेल आणि हालचालीने बरं वाटत असेल, तर पट्टा बांधून घरी बसू नका, मधेच डोळा लाल होऊन दुखला असेल तर तेही डॉक्टरला सांगा.

पुतण्या आता रोज व्यायाम करतो, औषधं चालू आहेत, खाण सोडली. त्याची धाकटी बहीण एकोणीस वर्षांची, हल्ली सकाळी पाठ धरते म्हणते. आई म्हणतेय कापणीमुळे असेल. असेलही. दिवाळी झाली की तिला गोव्याला नेतोय.

आपला,
एक वाचक, ता. वेंगुर्ला