तो डोंगर वाऱ्याने नाही कोरला

संपादक साहेब, नमस्कार.
रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीचा पानभर फोटो बघून खूप छान वाटलं, पण खाली 'निर्मनुष्य वाळवंटात वाऱ्याने कोरलेला डोंगर' असं छापलंय ते वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

फोटोतला तो अंगठा बाहेर काढलेल्या हातमोज्यासारखा डोंगर म्हणजे वेस्ट मिटन ब्यूट (ब्यूट म्हणजे उभ्या कड्यांचा, सपाट माथ्याचा एकटा डोंगर), अ‍ॅरिझोना राज्यात, शेजारच्या युटा राज्याच्या हद्दीला अगदी लागून. दोन वर्षांपूर्वी मी तिथे जाऊन आलोय. सपाट लाल माळावर असे जवळपास ३०० मीटर उंच डोंगर एकेकटे उभे आहेत आणि ते इतक्या लांबून दिसतात की गाडी कितीही पळवली तरी जवळ येतच नाहीत.

आता वाऱ्याचं. तो खडक मुळात वाऱ्यानेच साठवलेल्या वाळूचा आहे हे खरंय, साधारण २७ कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या टेकड्या होत्या आणि त्यांचे तिरके थर आजही भिंतीत दिसतात. पण डोंगराला हा आकार दिला तो मुख्यतः पाण्याने! खडकाला उभ्या भेगा आहेत, त्यात पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं, भेग रुंदावते, आणि खाली शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा, मऊ थर आहे तो पावसाने झिजत जातो, मग वरच्या खडकाचा आधार सुटला की अख्खी कपार ढासळते. म्हणून तर वरची भिंत ताठ उभी आणि पायथा उतरता. तिथे खोलीएवढे दगड पडलेत. रस्त्याकडेच्या एका तुकड्यावरून मी हात फिरवला तर तळव्याला लाल पूड लागली, बारीक साखरेसारखी रवाळ. तो लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. वारा फक्त सुटी झालेली वाळू उडवून नेतो, बस.

आणि 'निर्मनुष्य' शब्दाचं तर जास्तच वाईट वाटलं. ही जमीन नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची आहे, १९५८ पासून त्यांनीच तिथे आपलं ट्रायबल पार्क केलंय, आत त्यांची घरं आहेत, माणसं राहतात. हे डोंगर त्यांच्यासाठी पवित्र आहेत, त्यावर चढायला बंदी आहे. आमचा गाइड तिथलाच, त्याचं सगळं बालपण त्या डोंगराच्या सावलीत गेलं होतं.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाच, आणि त्यात 'नवाहो नेशन' हे त्यांच्या स्वशासित प्रदेशाचं नाव नक्की टाका.

आपला एक नेहमीचा वाचक