दत्त्या, तू तेव्हा काय म्हणाला होतास?

प्रिय दत्त्या,

दिवाळीपासून तुला ना फोन ना पत्र. शिव्या घाल, पण आधी हे वाच. आईची साखर ताब्यात आहे, माझा गुडघा तसाच.

रविवारी माझा ड्रोन पडला. आमच्या सी विंगच्या दहाव्या मजल्यावर आपटून थेट पार्किंगमध्ये. तिथे दुसरीतली एक मुलगी सायकल फिरवत होती. तिच्यापासून दोन हातांवर पडला, दत्त्या. मी धावत पोचलो तर तुटलेलं पातं हातात घेऊन उभी. "काका, हे तुमचं?" मी हात पुढे केला, तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं. कडेला इतकं धारदार, की मला मांज्याने कापलेली गोट्याची मान आठवली. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

झालं ते असं. बागेतून उडवला आणि हौसेने इमारतीच्या मागे नेला. दिसेनासा झाला, सिग्नलही तुटला. सिग्नल गेला की तो आपोआप ठरलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत निघाल्या जागी परत येतो. ती उंची मी माळावर उडवताना ३० मीटर ठेवली होती, नंतर बदललीच नाही. बिल्डिंग बारा मजली. रात्री हिशेब मांडला: हवेचा अडसर सोडला तर ३० मीटरवरून पडणारी वस्तू खाली येईपर्यंत ताशी ८७ किलोमीटरचा वेग घेते. आणि हा ५७० ग्रॅमचा. अर्धा किलो साखरेच्या पुड्याहून जड.

मग २०२१ चे ड्रोन नियम नीट वाचले. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच मी आधी वाचलं होतं, आणि तेवढ्यावर खूश होतो. पण तो नोंदवून यूआयएन, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. मी जुना विकत घेतला आणि नोंद माझ्या नावावर केलीच नाही. कुठे उडवता येतं ते दाखवणारा, सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशाही कधी उघडला नाही. लोहगावचा विमानतळ आमच्यापासून सहा-सात किलोमीटर. विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरचा पट्टा पिवळा असतो, तिथे जमिनीपासून वीतभर उडवायलाही विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. पट्टा हिरवा असता, तरी लोकांच्या बाल्कन्यांसमोरून आणि पोरांच्या डोक्यावरून नेणं चूकच होतं. २०२४ मध्ये शिरूर-जुन्नरकडे रात्री ड्रोन दिसले म्हणून लोक काठ्या घेऊन जागायचे, तेव्हा मी त्यांना हसलो होतो. आता हसू येत नाही. खिडकीबाहेर काही घोंघावलं, तर ते कुणाचं आणि कशासाठी, हे आतल्या माणसाला कसं कळावं?

तुझी बदली झाली की नाही? वहिनींना नमस्कार सांग, आणि तुझ्या लेकाला म्हणावं, येवल्याला ये, बापाने दहा वर्षांत एकही पतंग काटला नाही हे मी पुराव्यानिशी दाखवतो.

पण ते भांडण आज मिटवतो. मांजा तू घोटला होतास म्हणून चूक तुझी, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. आसारी, मांज्याची फिरकी, माझ्या हातात होती. ढील द्यायची सोडून पतंग रस्त्यावरून मीच ओढला. आणि गोट्याच्या आईसमोर तू एकटा जाऊन उभा राहिलास. मी टाकीमागे बसून होतो. तुझ्या गालावरचे वळ मी दुसऱ्या दिवशी शाळेत पाहिले आणि काही बोललो नाही.

परवाही तेच केलं. त्या मुलीची आई खाली आली, तिला "काही नाही, खेळणं पडलं" म्हणालो. तीही हसली, "पोरीने मोडलं नाही ना?" म्हणाली. दोन रात्री झोप नाही. पोरगी रोज तिथेच सायकल चालवते.

उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार आहे. सगळं सांगणार, किती जवळ पडला तेही. दारात उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेल का, याचीच धास्ती आहे. हे पत्र फोटो काढून लगेच पाठवतोय. आज रात्रीच कळव, गोट्याच्या आईने दार उघडलं तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललास?

तुझा,
पम्या