लोहगडाच्या पायऱ्या आणि जुलैतला रविवार : पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : लोहगडावरची पावसाळी गर्दी आणि पायथ्याचं नियोजन

महोदय,
स. न. वि. वि.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, त्यात लोहगडही, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले, ग्रुपवर भगवे झेंडे फडकले आणि पाठोपाठ मेसेज आला, ‘रविवारी लोहगडाला कोण कोण येतंय?’ आनंद साजरा करायची आपली ही रीतच आहे. हे पत्र त्या रविवारबद्दल आहे.

मी चिंचवडला राहते. सुट्टी असली की सकाळच्या लोकलने मळवली गाठायची, एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून भाज्याला चहा घ्यायचा, जमलं तर लेणी बघायची आणि गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला पोचायचं, हे आमच्याकडे माझ्या वडिलांपासून चालू आहे. थंडीत, त्यातही आडवारी गेलं तर गडासारखं सुख नाही. भोसरीतल्या पुष्कळ कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्यामुळे गुरुवारी वर चार-सहा कामगार पोरं भेटतात, विंचूकाटा नावाच्या निमुळत्या माचीच्या टोकावर डबा उघडून बसलेली. समोर पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना. कुणी कुणाच्या फोटोत येत नाही.

गड आपण पाहिला असेलच. तरी त्याची वाट पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणा, सगळं दुखणं तिथंच आहे. लोहगडवाडीतून पायऱ्या चढू लागलं की आधी गणेश दरवाजा, मग नारायण, मग हनुमान आणि शेवटी महादरवाजा. चारही एकाच चिंचोळ्या, वळसे घेत चढणाऱ्या वाटेवर. हनुमान दरवाजा त्यातला जुना. बाकीचे तीन नाना फडणवीसांनी १७९० ते १७९४ या काळात बांधून घेतले. महादरवाज्यापाशी उभं राहून खाली पाहिलं की नानांची अक्कल कळते. एका दरवाज्यातून पुढचा दरवाजा दिसत नाही. प्रत्येक वळणावर येणारा माणूस तटाच्या माऱ्यात सापडतो, पळायला जागा नाही, हत्तीला धडक मारायची तर मागे पल्ला नाही. दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आणि भिंतीत अडसर सरकवायची खोबण. त्या खोबणीत हात घालून पाहा, कोपराच्याही आत जातो. आत दगड इतका गुळगुळीत झालाय की वाटतं, अडसर अजून रोज संध्याकाळी कुणीतरी सरकवत असावं.

थोडक्यात, थोड्या माणसांनी पुष्कळ माणसांना अडवून धरावं, एवढ्यासाठीच ही वाट बांधलेली आहे. आणि महोदय, ती आजही आपलं काम चोख करते.

जुलैतल्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला खालचे वर यायला बघत असतात आणि वरचे पावसानं गारठून खाली उतरायला निघालेले असतात. वाट एकच. नारायण आणि हनुमान दरवाज्यांच्या मधल्या वळणावर दोन्ही लोंढे समोरासमोर येतात आणि सगळं ठप्प. अशा एका रविवारी मी आणि माझी भाची तिथं अडकलो. पाय उचलला तर परत टेकवायला जागा नव्हती. आमच्या पुढे एक बाई, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर, त्याच्या डोक्यावर पावसापासून आडोसा म्हणून दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं, पाण्याखाली शेवाळ. मागून कुणीतरी गमतीनं ‘ढकला रे!’ म्हणून ओरडलं आणि पन्नास जण हसले. माझं सगळं लक्ष त्या पोराच्या पायांकडे होतं. २०२३ च्या पावसाळ्यात असल्याच गर्दीचा लोहगडावरचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, आपल्या कार्यालयातही कुणीतरी पाहिला असणार.

सातारा जिल्ह्यातलं मांढरदेव आठवा. २५ जानेवारी २००५. तोही डोंगर, त्याही पायऱ्या, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली. लोहगड निसरडा करायला नारळ लागत नाहीत, मावळातला पाऊस पुरतो.

आपल्याकडची रीत मात्र अशी की आधी अपघात आणि मग आदेश. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. दोन्ही रविवारच. दर वेळी पुढचं ठरलेलं असतं. मनाई आदेश निघतो, नाक्यावर बॅरिकेड लागतात, दोन-चार शनिवार-रविवार कडक जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या. बंदीत सगळ्यात आधी भरडला जातो तो पायथ्याचा गाव. लोहगडवाडीतल्या बायका पिठलं-भाकरी, कांदाभजी, मक्याची कणसं यांवर जो काही पैसा उभा करतात तो मुख्यतः पावसाळ्यातच. बंदी आली की पीठ मळलेलंच राहतं.

म्हणून मागणं बंदीचं नाही, मोजदादीचं आहे. एका वेळी या पायऱ्यांवर आणि माथ्यावर किती माणसं सुखरूप राहू शकतात, हे कुणीतरी टेप लावून, उभं राहून, मोजून ठरवावं. आकडा मी सांगणार नाही, तो जाणकारांचा प्रांत आहे. पण आकडा असावा आणि तो पाळला जावा. कासच्या पठारावर हे आपणच करून दाखवलंय. फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, गाड्या अलीकडे थांबवून पुढे बस, आणि कारभार आसपासच्या गावांच्या समितीकडे. कुरबुरी तिथंही आहेत. पण फुलं टिकली आणि गावांना पैसा मिळाला.

लोहगडाला अडचण अशी की मालक फार. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे, उताराचं रान वनखात्याकडे, रस्ता आणखी कुणाचा, स्टेशन रेल्वेचं, बंदोबस्त पोलिसांचा आणि सोमवारी सकाळी उरलेला कचरा ग्रामपंचायतीच्या डोक्यावर. पर्यटन तेवढं आपलं. म्हणूनच हे पत्र आपल्याला, कारण या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवणं मंत्र्यालाच जमतं.

आणि गर्दी अडवायची ती गडाच्या पायऱ्यांशी नव्हे. दोन तास गाड्यांच्या रांगेत काढून, पोराबाळांसह भिजत तिथवर आलेल्या माणसाला ‘जागा संपली’ असं सांगायचं कुणाचं धाडस होणार? हवालदाराचंही नाही. नाही म्हणायचं तर मळवलीला म्हणा, त्याहून बरं म्हणजे आदल्या रात्री घरीच, मोबाइलवर, गडाचं तिकीट काढताना. तिकिटावर वेळ छापा. आठचा, दहाचा, बाराचा, दोनचा. रविवारी सकाळी जादा लोकल सोडायला रेल्वेला सांगा आणि तिकीट असलेल्यांना लोकलची वेळ जुळवून द्या.

गाड्यांचं म्हणाल तर माथेरानला त्या दस्तुरीलाच थांबतात आणि कुणाचं काही अडत नाही. भाज्याच्या पुढे शनिवार-रविवारी खासगी चारचाकी नको. खिंडीच्या चढावर एक गाडी बंद पडली की वर आणि खाली दोन्हीकडे सगळं अडतं, मग रुग्णवाहिकेनं जायचं कुठून? भाज्यापासून वाडीपर्यंत गावातल्या लोकांच्या जीप चालू द्या, दर ठरवून द्या. ज्याला चालायचंय त्याला खिंडीची वाट आहेच आणि ती जीपपेक्षा सुंदर आहे.

पायऱ्यांसाठी तर पैसाही फारसा लागणार नाही. घाटात दरड आली की आपण एकेरी वाहतूक करतो, काही वेळ हे, काही वेळ ते. तसंच करायचं. गणेश दरवाज्याशी दोन पोरं, महादरवाज्याशी दोन, हातात वॉकीटॉकी आणि गळ्यात शिट्टी. पोरं वाडीतलीच घ्या, पगार द्या, पावसाळ्याआधी प्रथमोपचार शिकवा. त्यांना कुठला दगड हलतो आणि कुठल्या वळणावर पाणी येतं हे तोंडपाठ आहे. गणेश दरवाज्याची एक गोष्ट आपल्या कानावर आली असेल. बुरूज उभा राहीना म्हणून वाडीतल्याच एका घराण्यातला बळी दिला आणि मोबदल्यात त्यांना पाटीलकी मिळाली, असं सांगतात. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. पण ज्या गावानं गडासाठी एवढं मोजल्याचं सांगितलं जातं, त्या गावाच्या वाट्याला आज फक्त कणसं भाजणं आणि आपला कचरा उचलणं आलंय.

आता बायकांचं बोलते, कारण असल्या बैठकांत तो विषय कुणी काढत नाही. गडावर जायचं म्हणून आमच्यातल्या निम्म्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. घरातून निघताना जाऊन आलेलं, ते पुन्हा घरी. मधल्या वेळात भिजणं, चढणं, रांग. सासूबाई गुडघे धरून का होईना, महादरवाज्यापर्यंत चढल्या होत्या. आता त्या येत नाहीत, त्याचं कारण गुडघे नाहीत. पायथ्याला, वाहनतळाशी, पाणी असलेली आणि दिवसातून चारदा धुतलेली स्वच्छतागृहं हवीत आणि ती धुणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार हवा. उद्घाटनाची पाटी चालेल, कुलूप चालणार नाही. पण कृपा करून ती माथ्यावर बांधू नका. तिथं नानांनी बांधलेलं सोळा कोनी तळं आहे, खडकात खोदलेली टाकी आहेत. मैलापाणी तिकडेच झिरपेल.

माथ्यावर तसं काहीच बांधू नका, हीच माझी सगळ्यात आग्रहाची विनंती. रोपवेच्या घोषणा अधूनमधून कानावर येतात, कधी या गडाला, कधी त्या गडाला. रायगडाला तो आहे. तिथं म्हातारीकोतारी माणसं वर जाऊ शकतात ही चांगली गोष्ट आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण लोहगडाचा चढ पाऊण तासाचा. त्याला रोपवे लावला तर पायऱ्यांवरची गर्दी माथ्यावर जाईल एवढंच, आणि माथ्याला पावसात ना आडोसा ना कठडा. पेव्हर ब्लॉक, सिमेंटची बाकडी, लेझर शो हेही नको. युनेस्कोच्या यादीत गेलाय तो डोंगर आणि तट मिळून. कातळ कुठं तासला, वाट कुठं वळवली, पाणी कुठं अडवलं, ही सगळी अक्कल त्यात गेलीय. तिच्यावर पेव्हर ब्लॉक घातले तर यादीत राहणार काय?

काही जण असंही सुचवतात की लोहगडावरची गर्दी शेजारच्या विसापूर किल्ल्याकडे वळवा. ऐकायला बरं वाटतं. पण विसापूरच्या पायऱ्या भर पावसात धबधबा होतात, वर धुकं आलं की वाट सापडत नाही. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, कारण तो लोहगडाहून उंच आहे. तिथून तोफा रोखल्या गेल्यावर लोहगड लढल्यावाचून सोडावा लागला. विसापूरमुळे लोहगड एकदा गेलाय. आता लोहगडामुळे विसापूर घालवायला नको.

गर्दी करणाऱ्यांवर माझा राग नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, घर दहा बाय बाराचं आणि ट्रेनच्या तिकिटात पोचता येईल असा हिरवा डोंगर एकच. ती माणसं येणारच आणि त्यांनी यावंच. स्पीकर लावून नाचणाऱ्यांना दंड करा, बाटल्या फोडणाऱ्यांना जरूर करा, पण भिजायला आलेल्या माणसाला गुन्हेगार समजू नका. त्याला वेळ द्या, वाट द्या.

हे सगळं पुढच्या जूनच्या आत सुरू व्हायला हवं. त्यासाठी एक बैठक बोलवावी. पुरातत्त्व, वन, रेल्वे, पोलीस, जिल्हा परिषद आणि लोहगडवाडी-भाज्याचे सरपंच, सगळे एकत्र. मंत्रालयात नको, वाडीतच घ्या. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, सकाळी अकराला, आणि पोलिसांना रस्ता मोकळा करायला न सांगता. गाडीने आलात तर भाज्यापासून वाडीपर्यंत किती वेळ लागला तेवढं इतिवृत्तात लिहून ठेवायला सांगा.

कळावे,
आपली विश्वासू,
चिंचवडची एक रहिवासी