नाकाच्या ऑपरेशनबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आईचा आवाज भरून येतो, म्हणून लिहितोय. दिवाळीनंतर कोल्हापुरातच नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचं मी ठरवलंय.

तालमीत नाक मोडलं तेव्हा हाड जसं जुळलं तसं जुळलं. आतला पडदा डावीकडे सरकलाय, त्या नाकपुडीतून श्वास जातच नाही. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, सकाळी घसा कोरडा. पडदा आणि बाहेरचं हाड एकाच वेळी सरळ करता येईल, असं डॉक्टर म्हणतात. पण नुसतं श्वासाचं कारण पुढे करून मला तुमचा होकार नको. चेहराही सरळ दिसावा असं मनापासून वाटतं. बाबा, खासबागेत कुस्त्या केलेल्या माणसाला नाकाचं काय एवढं, असं तुम्हाला वाटणारच. पण मुलाखतीला बसलो की समोरच्याची नजर आधी तिथंच जाते आणि मी मान किंचित वळवून बसतो. ते आता नको वाटतं.

डॉक्टरांनी माझ्या फोटोवर रेघा मारल्या. केसांपासून भुवया, भुवयांपासून नाकाचं बूड, तिथून हनुवटी, हे तिन्ही भाग साधारण सारखे असावेत. नाकपुड्यांची रुंदी दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधल्या अंतराएवढी. माझी मापं ठीक आहेत, मधली रेघ तेवढी वाकडी. बाबांकडून आलेला उंचवटा घासायचा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घराण्याचं नाक आहे, राहू दे.

आई, देवानं दिलेल्याला सुरी लावू नये म्हणतेस. अगं, ही विद्या आपल्याकडचीच. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक पुन्हा घडवायची रीत आहे. पुण्याकडं कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं होतं, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली!

पूर्ण भूल देतील. आठवडाभर नाकावर साचा असेल, डोळ्यांखाली काळंनिळं होईल, ते बघून घाबरू नकोस. तेवढे दिवस तांबडा-पांढरा बंद, मऊ भात कर. शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कधी पुन्हा ऑपरेशन, हे धोके त्यांनी स्वतःहून सांगितले, म्हणूनच विश्वास बसला.

बाबा, पुढच्या तपासणीला तुम्ही बरोबर या. काय विचारायचं ते डॉक्टरांना तोंडावर विचारा. तारीख त्यानंतरच धरू.

तुमचा,
बाळू