कुप्याला नावं ठेवू नका, त्याला बर्फ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या बोटीतून खोल समुद्रात जाऊन गळाने मासे धरण्यावरचा लेख वाचला. विषय आमच्या रोजच्या जगण्यातला, म्हणून दोनदा वाचला. सोबतचा फोटो मात्र पाहवला नाही. वाळूवर ओळीने मांडलेले कुपे, म्हणजे ट्यूनाच्या जातीचे मासे, वर भर दुपारचं ऊन आणि मागे हसत उभी असलेली माणसं. बर्फाचा एक खडाही कुठे नव्हता. त्याच लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं की, कुपा उष्ण असतो, पुष्कळांना सोसत नाही, अंगावर पित्त उठतं. ते पित्त कशाने उठतं हे त्या फोटोतच दिसत होतं. त्याबद्दल हे पत्र.

नोकरीची बरीच वर्षं मी मासळी निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. आता देवगडला असतो आणि धाकट्या भावाच्या फायबरवर, म्हणजे फायबरच्या छोट्या बोटीवर, जातो. तो तांडेल म्हणजे बोट चालवणारा, मी खलाशी. कारखान्यात जे तपासायचो त्याची सुरुवात बोटीवर कशी होते, ते आता रोज डोळ्यांसमोर असतं.

कुपा काय, गेदर काय, ही सगळी ट्यूनाची घराणी. बहुतेक माशांचं अंग समुद्राच्या पाण्याइतकंच गार असतं. ट्यूनाचं तसं नाही. तो सतत पोहत असतो आणि स्नायूंत तयार होणारी ऊब अंगातच राखतो. गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, लागून झुंजला की आणखी तापतो. एकदा मी कारखान्यातल्यासारखा सुईचा थर्मामीटर बोटीवर नेला होता. समुद्राचं पाणी २९ अंश आणि नुकत्याच आत घेतलेल्या कुप्याच्या कण्याजवळ ३३. म्हणजे हा मासा मरतो तेव्हाच गरम असतो, आणि आपण त्याला वर उन्हात फळीवर टाकतो.

त्याच्या लाल मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा गरम राहिला की काही जिवाणू वाढतात आणि त्या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. हे हिस्टामीन पोटात गेलं की काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, डोकं ठणकतं, छाती धडधडते. वाईट गोष्ट अशी की एकदा तयार झालेलं हिस्टामीन तळून जात नाही, उकळून जात नाही, नंतर फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. मासा दिसायला चांगला, वासालाही चांगला असू शकतो. त्यामुळे घरच्या बाईने कितीही नीट निवडून, धुऊन, तिरफळं घालून केला तरी उपयोग नाही. दोष तिचा नाही, माशाचाही नाही. पहिल्या काही तासांत त्याला थंडी मिळाली नाही, एवढंच. उन्हात पडलेल्या बांगड्याचंही हेच होतं, पण बांगड्याला कोणी उष्ण म्हणून टाकत नाही. माशाची खरोखरची ॲलर्जी असलेली माणसं असतात, त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं. पण एकदा पित्त उठलं म्हणून जन्मभर कुपा सोडलेली घरं आमच्याच वाडीत आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आता गळाचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. जाळ्यात अडकलेला कुपा पुष्कळदा पाण्यातच मरतो आणि जाळं ओढेपर्यंत कोमट पाण्यात तसाच राहतो. गरीवरचा मासा जिवंत हाती येतो. तो कधी आणि कसा मरणार, किती लवकर गार होणार, हे सगळं आपल्या हातात असतं. छोट्या बोटवाल्याकडे मोठ्या बोटींच्या वरचढ असं हे एकच आहे, आणि तेच आपण पहिल्या अर्ध्या तासात घालवतो.

गेल्या ऑक्टोबरातली एक फेरी. पहाटे मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, निघालो. भावाचा नियम ठरलेला आहे, “आधी बरफ, मगे डिझेल.” बर्फाच्या लाद्या फोडून जाड भिंतीच्या पेटीत भरल्या, मगच टाकीकडे वळलो. किनारा दिसेनासा झाल्यावर वेग पाच-सहा नॉटवर आणला आणि तंगूस, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्या, सोडले. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पिसांचं आमिष, मधल्या तंगूसाला लांबवर प्लास्टिकचा बुडी मारणारा मासा. तंगूस बोटीला बांधताना मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतो. पहिला हिसका ते रबर खातं, नाहीतर तंगूस तुटतो किंवा माशाचा जबडा फाटतो.

बराच वेळ काही नाही. मग पश्चिमेला पक्षी पाण्यात सूर मारताना दिसले. अशा वेळी थव्याच्या मधून बोट घालायची नसते, मासा खाली बसतो. भावाने कडेकडेने वळसा घेतला आणि डावीकडचं रबर हातभर ताणलं. इंजिन लगेच बंद केलं नाही. कुपा एकटा फिरत नाही. बोट चालती ठेवली की दुसऱ्या गरीलाही लागतो. तसंच झालं.

आत आलेल्या माशाच्या डोळ्यांवर मी ओलं गोणपाट टाकतो. अंधार झाला की तो शांत होतो. एरवी शेपटीने फळीवर धडधडत राहतो, अंग आणखी तापतं आणि मांसात रक्त साकळतं. मग दोन डोळ्यांच्या मधोमध, किंचित वर, घासून टोकदार केलेली सळई थेट मेंदूत. अंगभर एक शहारा जातो, पर ताठ होतात, तोंड उघडतं, आणि संपलं. कोवळ्या मनाच्या वाचकांना हे वाचवणार नाही, पण तासभर तडफडण्यापेक्षा हे मरण त्या जिवालाही बरं. मग बाजूच्या पराच्या मागे तीन बोटांवर दोन्ही अंगांना उथळ उभा काप, कल्ल्यांत एक काप, आणि शेपटीला दोरी लावून मासा कडेला पाण्यात. रक्त वाहून जायला दोन-चार मिनिटं पुरतात. नंतर कल्ले आणि आतडी काढून मासा बर्फपाण्यात.

या बर्फपाण्यावर थोडं जास्त लिहितो. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा जिथे खडा टेकतो तिथेच गार होतो. फोडलेल्या बर्फात समुद्राचं पाणी घातलं की तो चहूबाजूंनी गार होतो, आणि पाणी खारं असल्याने शून्याच्याही थोडं खाली जातं. माप साधं आहे. दोन बादल्या बर्फाला एक बादली पाणी. मासा पूर्ण बुडाला पाहिजे. माशाचा गाभा लवकरात लवकर ४ अंशांच्या आसपास आला पाहिजे, आणि शिजेपर्यंत तिथेच राहिला पाहिजे.

त्या दिवशी बंदरावर पेटी उघडली तेव्हा मांस घट्ट होतं, कापावर स्वच्छ लाल रंग, बोट दाबलं तर खळगा राहत नव्हता. शेजारच्या बोटीचा कुपा त्याच सकाळचा, पण उन्हात आलेला. पोट मऊ पडलेलं, मांस करपट तपकिरी. लिलावात दोन्ही एकाच ढिगात गेले. सरसकट भाव. व्यापाऱ्याला आमचे मासे वेगळे दाखवले, तर तो म्हणाला, “कुपा तो कुपा.” बर्फाचे पैसे आमच्या अंगावर पडले. असा भाव मिळत असेल तर उद्या कोण बर्फ नेईल? भाऊ नेतो, कारण तो हट्टी आहे. सगळ्या बंदराने एकाच्या हट्टावर चालावं, ही अपेक्षाच चुकीची.

दूर जायला नको. मालदीवमध्ये ट्यूना गळाने, एकेक करून धरतात, आणि २०१२ साली त्यांच्या गळाच्या स्किपजॅक जातीच्या ट्यूनाला एमएससी हे, साठा न संपवता केलेल्या मासेमारीला मिळणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. आपल्याच लक्षद्वीपात, मिनिकॉयला, काठी आणि गळाने ट्यूना धरण्याची जुनी रीत आजही चालते. तो मासा उकळून, धूर देऊन, सुकवून मासमीन करतात. ज्याच्याकडे बर्फ नव्हता त्यानेही या माशाचा मान राखायची आपली रीत शोधली.

लेखातल्या मार्लिन या लांब चोचीच्या मोठ्या माशाबद्दल एक दुरुस्ती करणं भाग आहे. वाचून असं वाटतं की देवगडहून सकाळी निघालं की दुपारी मार्लिन घेऊन परत. आपल्या किनाऱ्यापासून समुद्र लांबवर उथळ आहे. मार्लिन आणि मोठा पिवळ्या पराचा गेदर हे खोल निळ्या पाण्यातले. आंग्रिया बँक हे समुद्राखालचं प्रवाळाचं पठारच विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरावर किलोमीटर. एका इंजिनाच्या फायबरने तिकडे जाऊ नये, कोणी हौसेने पैसे दिले तरी नेऊ नये. जवळच्या फेरीलाही प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असावा.

मार्लिनचा भाऊबंद, पाठीवर शिडासारखा पर असलेला सेलफिश, कधीमधी आत येतो. आमच्या गरीला लागला तेव्हा आम्ही तो बोटीत घेतला नाही. हातमोजा घालून चोच धरली, पकडीने गरी काढली आणि बोट हळू पुढे चालवत त्याच्या तोंडातून पाणी जाऊ दिलं. जोर आल्यावर त्याने स्वतःच मान हिसडली. मोठ्या मार्लिनच्या मांसात पारा साठतो, अमेरिकेत गरोदर बायांना तो खाऊच नका असं सरकारी सल्ल्यात सांगतात. मग त्याला फोटोसाठी मारून आणण्यात काय मिळवायचं? कुपा खायचा मासा आहे, तो नीट मारावा आणि नीट खावा. चोचवाला सोडून द्यावा. लेखकांनी हा फरक करायला हवा होता.

आता मागणं. २०२०च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखान्यांपासून बर्फपेटीच्या मोटरसायकलीपर्यंत मदत आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. चांगलं आहे. पण मोटरसायकल बंदरावरून पुढे जाते. मासा बिघडतो तो बंदरावर येण्याआधी. छोट्या बंदरांवर फोडलेला बर्फ पहाटे मिळत नाही, लादी टेम्पोने मोठ्या बंदरातून आणावी लागते आणि वाटेतच तिचं पाणी होतं. मत्स्यव्यवसाय खात्याने छोट्या बोटींसाठी जाड भिंतीच्या पेट्या आणि जवळच्या जवळ फोडलेला बर्फ, या दोन गोष्टींकडे आधी पाहावं. त्यांना मोठा प्रकल्प लागत नाही.

आणि मच्छीमार सोसायट्यांनी येत्या हंगामापासून, म्हणजे ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारी बंदी संपून बोटी बाहेर पडल्या की, बर्फपाण्यात आलेल्या, रक्त काढलेल्या कुप्याचा लिलाव वेगळा पुकारावा. पराच्या मागचा काप लांबूनही दिसतो, ओळखायला यंत्र लागत नाही. गिऱ्हाइकानेही पाटीवाल्या मावशीला तो काप दाखवायला सांगावा, आणि पाटीत बर्फ नसेल तर कुपा घेऊ नये, बांगडाही घेऊ नये. आपल्या पुरवणीला पुन्हा या विषयावर फोटो हवा असेल तर आमच्या बोटीवर या. पेटीचं झाकण उघडून देतो.

आपला नियमित वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग