तिकिटं काढली आहेत

ठाणे,
श्रावण वद्य दशमी

ती. आई-बाबांना सा. न.,

फोनवर डोळ्यांचा विषय निघाला की बाबा "रेंज जातेय" म्हणतात आणि रेंज खरंच जाते. म्हणून पत्र. गौरीविसर्जनानंतरच्या सोमवारची चिपळूणहून मांडवी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. डॉक्टरांची वेळही घेतली आहे. विचारून काढायला हवी होती, मान्य. पण विचारलं असतं तर आधी भातकापणी, मग सुपारी, मग आंब्याचा मोहोर करत करत शिमगा आला असता. गाय आणि देवपूजा दादा बघणार आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय. त्याला ओरडू नका, गळ मी घातली.

बाबा, "माझं बी.पी. १२०/८०, मग प्रेशर कसलं?" असं तुम्ही म्हणता. हे डोळ्याच्या आतलं प्रेशर, त्याचा बी.पी.शी थेट हिशेब नाही. डोळ्याच्या आत पाणी (अश्रू नव्हेत) सतत तयार होतं आणि बारीक जाळीतून निघून जातं. आषाढात वहाळाच्या तोंडाशी पातेरा अडकला की खळ्यात पाणी चढतं ना, तसंच. त्या दाबाने मागची नस सुकत जाते, हाच काचबिंदू; कडेची नजर आधी जाते आणि दुखत काहीच नाही. साधारण १० ते २१ ठीक धरतात. रत्नागिरीला तुमचं एका डोळ्यात ३१ आलं, दुसऱ्यात २८. (२१ च्या आतही काहींची नस खराब होते, म्हणून नुसता आकडा नाही, नसही तपासतात.)

स्कूटर गडग्याला घासली तेव्हा "अंधारात गडगा पुढे आला" म्हणालात. मे महिन्यात चहा कपाच्या बाहेर ओतलात तेव्हा मी हसले होते. ते हसणं अजून टोचतंय. आजीलाही शेवटी दिसत नव्हतं. मोतीबिंदू पिकलाय असं आपण सगळे म्हणायचो. आता वाटतं, काचबिंदूच असेल. आईवडील, भावंडं यांच्यापैकी कुणाला असला तर आपल्याला होण्याचा धोका कितीतरी पट वाढतो, म्हणून मीही तपासून आले. माझं १७ आहे, नस चांगली आहे. आई, काळजी करू नकोस.

गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते. दाब एकेका अंकाने उतरला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका जवळजवळ १० टक्क्यांनी कमी होतो, हे वाचून मला फार धीर आला. थेंब पुरतील की लेझर करायचं ते डॉक्टर बघून सांगतील.

आता तुम्हाला राग येईल असं. तुमचं शीर्षासन बंद. चाळिशीपासून केलंत, गावात तुमच्यासारखं कुणी करत नाही, सगळं खरं. पण उलटं उभं राहिलं की डोळ्यातलं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी एका दमात पिणंही नको. पूर्वी डॉक्टर हाच दाब किती चढतो ते बघायला लिटरभर पाणी प्यायला द्यायचे! तुम्ही पाणी प्याच, फक्त घोट घोट. नारळाची पोती श्वास रोखून उचलायची नाहीत. पालथं झोपायचं नाही. यंदा आरतीला शंख दादाचा मुलगा फुंकेल, त्याला शिकवा. फिरायला मात्र रोज जा, वरच्या पाटापासून व्याडेश्वराच्या देवळापर्यंत, पण उजेडात.

आई, आता चालू आहे तो रात्रीचा थेंब तूच घाल. बाबा "घातला" म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नकोस. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा. बाटली फ्रिजच्या दारात, वीज गेली तर झाकण घट्ट लावून माठाजवळ.

लहानपणी माझ्या डोळ्यात कुसळ गेलं की बाबा धोतराच्या टोकाला फुंकर मारून ऊब द्यायचे आणि म्हणायचे, वर बघ, तो बघ बगळा. बगळा कधीच नसायचा. तरी मी दरवेळी वर बघायचे.

इथे तुमची खोली पूर्वेची आहे, पंखा हळू फिरतो, लिफ्ट आहे. उकडे तांदूळ आणि कुळथाचं पीठ आणून ठेवलंय, फक्त आमसुलं तुझी आण. महिनाभर राहा. पंधरा दिवस तरी.

तुमची,
ताई

ता. क. डोळा लाल झाला होता तेव्हा मेडिकलमधून आणलेला तो पांढऱ्या झाकणाचा थेंब बाबा दिवाळीपासून चैत्रापर्यंत घालत होते. त्यात स्टिरॉइड असेल तर प्रेशर वाढायला तेही कारण ठरतं. देवघराच्या फळीवर उरलेला असेल. फेकू नकोस, पिशवीत घाल, डॉक्टरांना दाखवू. डोळ्यात मात्र त्याचा एकही थेंब नको, बाबांनी कितीही "थंड वाटतं" म्हटलं तरी.