चि. मनूस, कारे-कारेबद्दल

हर्णै,
रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आवाज चढवला. फोन ठेवल्यावर बराच वेळ पडवीत बसून होतो. काकू म्हणाली, एवढं ओरडायला काय झालं, पोरगी कृतीच विचारत होती ना? खरं आहे तिचं. तू दावाओहून विचारलंस कारे-कारेचं, त्या फिलिपिन्सच्या दाण्याच्या रश्शाचं, तेही बिनमांसाच्या, आणि मी भलतंच सुरू केलं. म्हणून आता वहीत लिहून काढतोय, बाळ्या फोटो काढून पाठवेल. यात फक्त स्वयंपाक. तुझ्या रक्ताचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

आधी तुझ्या घरमालकिणीला, नानायला, माझा नमस्कार सांग. भाडेकरू मुलीसाठी शेपटी न घालता कारे-कारे करायला निघाली, हे साधं नाही. त्यांच्या घरात हा सणासुदीचा पदार्थ. बैलाची शेपटी, वजडी, सगळं तासन् तास शिजवत ठेवायचं, त्याचा रस्सा बोटाला चिकटला पाहिजे. (हे मोठ्या आजीला वाचून दाखवू नकोस. मी बोटीवर काय काय शिजवलं याचा हिशेब तिने कधी मागितला नाही, मी दिला नाही.) पण नानायला हे अगदीच परकं वाटणार नाही बघ. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी त्यांच्यातही मांस चालत नाही, मुगाचं कालवण करतात. आमच्या बोटीवर बरेचसे फिलिपिनो, त्यामुळे त्या दिवसांत शुक्रवारी मूग ठरलेलेच. मुगात ते मासळीचं पाणी ओततात, पातिस म्हणतात त्याला. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सांगतो. तिकडे 'भाजी' म्हणाले तरी विचारून घे. भाजीत डुकराचे चार तुकडे असले तर त्यांच्या लेखी ती भाजीच.

कारे-कारे मला बोसनने, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाने शिकवली. इलोइलोचा होता. त्याचं म्हणणं, कारे-कारे ही तुमचीच 'करी', तुमच्याच लोकांनी आणली. इंग्रजांनी १७६२ साली मनिला घेतलं, दोन वर्षांनी सोडलं. बरोबर मद्रासचे शिपाई होते, त्यांतले काही परत गेलेच नाहीत, मनिलाजवळ काइन्ता गावात राहिले, बायका केल्या, आणि मसाला मिळेना तेव्हा दाणे कुटून कढी लावली. पाम्पांगाचा फिटर हे ऐकून चिडायचा, म्हणायचा आमच्या प्रांताचा पदार्थ आहे, यात इंडियन कुठून आला. दोघे जेवता जेवता भांडायचे. मी आपला वाढत राहायचो. घरच्या आठवणीने माणूस काय काय करतो, एवढं मला त्या शिपायांचं पटलं.

आता कृती. चार माणसांची धर.

दीड वाटी शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाज, सालं काढ, अगदी बारीक वाट. तिथे पीनट बटर मिळतं, पण साखर घातलेलं घेऊ नकोस. पाव वाटी तांदूळ कोरडे भाज, गव्हासारखा रंग आला की उतरव आणि कुटून पीठ कर. दाटपणा या पिठाने येतो आणि भाजल्याचा वासही. रंग येतो आचुएतेचा. म्हणजे आपली शेंद्री. चमचाभर बिया कोमट तेलात घालून ठेव, तेल तांबडं झालं की गाळून बिया टाकून दे. तेल कडकडीत तापवलंस तर बिया करपून कडू होतात.

शेपटीच्या जागी काय, हा तुझा प्रश्न. लोक टोफू घालतात. घाल, तळून घाल, पण त्याच्यावर विसंबू नकोस. खरा जीव केळफुलात आहे. ते त्यांच्या मूळच्या पदार्थातही असतंच, 'पुसो' म्हणतात, म्हणजे काळीज. बांकेरोहानच्या बाजारात ढिगाने असेल. वरची लाल पानं काढत जायचं, आतला फिका गाभा लागला की थांबायचं. हाताला तेल लाव. उभे जाड काप कर आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाक, नाहीतर काळे पडतात. त्याच्या जोडीला कोवळा फणस, मोठ्या फोडी. फणसाला स्वतःची चव कमी, पण तो रस ओढतो आणि दाताखाली धागा लागतो. शेपटीची आठवण करून द्यायला तेवढं पुरे.

रश्शासाठी सुकी अळंबी गरम पाण्यात तासभर भिजव, ते पाणी फेकू नकोस. कांदा, भरपूर लसूण शेंद्रीच्या तेलात परत. फणस, केळफूल, अळंबी आणि ते पाणी. शिजत आलं की दाण्याचं वाटण, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून. इथून पुढे पातेल्याजवळून हलायचं नाही. दाणा तळाला बसतो आणि धरतो, आणि एकदा खाली लागलं की वरचंही गेलं. वांगी वेगळी तळून, चवळीच्या लांब शेंगा आणि पेचायची पालेभाजी वेगळी उकडून शेवटी घाल. सगळं एकत्र शिजवलंस तर लगदा.

मीठ जवळजवळ घालायचंच नाही. कारण बरोबर बागोओंग असतं, कोलंबीच्या जातीच्या बारीक जवळ्याचं खारवलेलं वाटण. ते तुला चालणार नाही. त्याऐवजी टाउसी घे, खारवलेले काळे सोयाबीन, छोट्या डब्यात मिळतात. लसूण, थोडी मिरची घालून तेलात परत, चमच्याने चेच. हे टाळू नकोस. मी एकदा बागोओंग विसरलो होतो.

२००७ ची गोष्ट. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या बाहेर कोळसा भरायला रांगेत नांगर टाकून पडलो होतो. आमच्यासारख्या कितीतरी बोटी. आठवडे गेले, फ्रीजर रिकामा होत आला. बोसनचा वाढदिवस. शेपटी संपलेली, केळफूल कुठलं तिथे! वांगी, कोबी, फ्रीजरमधल्या शेंगा आणि पीनट बटरचे दोन डबे, एवढ्यावर बावीस माणसांची कारे-कारे केली. चव मला तरी बरी लागली. पण बागोओंग ठेवायचं विसरलो. सगळे ताटाकडे बघतायत, कुणी काही बोलत नाही. शेवटी बोसन उठला, स्वतःच्या केबिनमधून बाटली घेऊन आला, सगळ्यांना चमचा चमचा वाढलं, आणि म्हणाला, काओन ता. चला, जेवू या. दोनदा घेतलं त्याने. शेपटीचं कुणी नाव काढलं नाही.

मी मात्र पहिल्या घासालाच थांबलो होतो. मांस नसलेली ती कारे-कारे म्हणजे तुझ्या आईची एकादशीची दाण्याची आमटी होती गं. लसूण सोडला तर तीच. मी घरी असलो की ती मला मुद्दाम भगरीवर वाढायची, आणि मी म्हणायचो, यात एखादा बांगडा असता तर! ती हसायची नाही. आज ते बोलणं मला नको वाटतं.

तू माळ घातलीस ते मला तीन महिन्यांनी, तेही काकूकडून कळलं. मला राग माळेचा नव्हता. तुझ्या आईची होती, तुझ्याच गळ्यात शोभेल. माझ्या डोक्यात एवढंच, की मासळीवर वाढलेली पोर, परमुलखात, वसतिगृह सोडून भाड्याच्या खोलीत, दूध पावडरचं, दही मिळालं तर मिळालं, ती खाते काय? आणि मग ती प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या पडते, आणि हिमोग्लोबिनचा आठ पॉइंट दोन आकडा मला मैत्रिणीच्या तोंडून कळतो.

बघ, आलोच शेवटी तिथे.

आता निघालंच आहे तर सांगून टाकतो. मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा बटण शोधायला शिलाई मशीनचा खण उघडला. बॉबिनखाली तुझ्या आईचा रक्ताचा रिपोर्ट, चार घड्या घातलेला. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही हो, जरा अशक्तपणा. मशीनवरून उठताना ती भिंतीला हात लावायची, ते मी बघत होतो आणि मला वाटायचं, कंबर धरली असेल. पुढचं तुला माहीत आहे. म्हणून कुणी "काही नाही हो बाबा" म्हणालं की माझा आवाज चढतो. तुझ्यावर नाही चढत. कुणावर ते मलाही धड सांगता येणार नाही.

तर लोहाच्या गोळ्या कलमान्सीच्या, त्या तिकडच्या छोट्या लिंबाच्या सरबताबरोबर घे, चहाबरोबर नको, दुधाबरोबर तर नकोच. बी-१२ भाज्यांतून मिळत नाही, त्याची गोळी वेगळी लागते. शेवग्याचा पाला तिकडे मालुंगाय म्हणून कुंपणाकुंपणाला असतो, मुगात मूठभर टाकत जा. आलुगबाती म्हणजे आपला मायाळूच. हे मी कुणाला सांगतोय? दोन वर्षांनी मला गोळ्या लिहून देणाऱ्या मुलीला. बोटीवरचा कूक डॉक्टरला औषध शिकवतोय. माफ कर. इथे मच्छीच्या लिलावाला कुणी भेटलं की मीच आधी विषय काढतो, मनू दावाओला डॉक्टरकी शिकते म्हणून. लोक आता मला बघून रस्ता बदलतात.

माळेबद्दल मी पुन्हा काही म्हणणार नाही. तू पाळतेस ते पाळ, पण पाळायचं तर पोटभर पाळ. तिकडे सकाळ-संध्याकाळ ओळखीचा माणूस विचारतो ना, निकाओन ना का, जेवलीस का? त्याला हो म्हणायच्या आधी खरंच जेवत जा.

काल मी इथे करून बघितली. केळफूल परसातलं, फणस बाळ्याच्या सासुरवाडीचा. शेंद्री मिळाली नाही, हळद घातली, रंग आमटीचाच आला. टाउसी कुठून आणणार, काकूने कैरीचं लोणचं वाढलं. ती म्हणाली, ही तर वहिनींची आमटी, जरा घट्ट झालीय. मग दोघं गप्पच जेवलो. तळाला थोडी लागली होती. मी पातेल्याजवळून हललो होतो.

नानायने केली की फोटो पाठव. ताटाचा, आणि शेजारी तुझाही.

तुझे,
बाबा

ता. क. टाउसी पाण्यातून धुऊन घे, फार खारट असते. आणि पुढच्या महिन्यात परत रक्त तपासशील तेव्हा रिपोर्ट पूर्ण पाठव, नुसता आकडा नको. आता खरंच नाही बोलत.